काडी अजून मोडलेलीच आहे

इंदूर, १९ मे

प्रिय बाळ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर तू "हां, पुढे बोल" म्हणत घाई करतोस आणि निम्मं माझ्या पोटातच राहतं, म्हणून लिहायला बसलोय.

नातवंडं सुट्टीला आलीत. ओवी सहाची, छोट्या चारचा. पारा ४२ वर, आणि अकरा वाजले की लू अशी सुटते की दाराची कडी हातात धरवत नाही. म्हणजे साडेपाचपर्यंत दोन पोरं, एक कूलर आणि मी. पहिल्याच दिवशी मोठेपणा करून बाजारातून जादूच्या खेळांचा डबा आणला. साडेतीनशे रुपये. कांडी दुपारपर्यंत मोडली आणि पत्ते छोट्याने चघळले. डबा मात्र चांगला होता, तो अजून वापरात आहे.

मग तुझ्या वहिनीने सूत्रं हाती घेतली. वाटीत पाणी, दोन चमचे हळद, चित्रकलेच्या वहीचा कागद पिवळा रंगवून कूलरसमोर वाळत टाकला. कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा दुसऱ्या वाटीत विरघळवला, काडीला कापूस गुंडाळला आणि ओवीला म्हणाली, लिही तुझं नाव. पिवळ्यावर लालभडक 'ओवी' उमटलं! पोर गप्पच झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्या सदऱ्यावरचे वरणाचे डाग धुतेय. साबण लागला की लाल होतात, तुम्हाला कधी दिसलं नाही?" नाही दिसलं. कुंकूसुद्धा असंच करतात म्हणे, हळदीला चुन्यासारखं काही लावून. मी लगेच पानवाल्याकडून चुना आणायला निघालो, तर ओरडली, डोळ्यात उडाला म्हणजे? साबणावरच भागवलं. वर लिंबू पिळलं की लाल अक्षरं परत पिवळी. छोट्याने हा प्रकार अकरा वेळा करून घेतला. मी मोजलं.

तिथेच माझी फजिती कळली. मी रात्री जागून सात जादू तयार केल्या होत्या. लिंबाच्या रसाने लिहून इस्त्रीखाली तपकिरी होणारी अक्षरं, सोडावॉटरच्या ग्लासात वरखाली नाचणारे मनुके, असलं बरंच. टॉवेल पांघरून, आवाज बदलून एकेक दाखवणार होतो. पोरांना बघण्यात रसच नाही रे. "आता मी" हे एकच पालुपद. आणि रहस्य लपवलं की ओवी रडकुंडीला येते, सांगितलं की खुलते, मग तीच जादू आजीला, दूधवाल्याला, समोरच्या काकूंना करून दाखवते आणि शेवटी स्वतःच फोडून टाकते. इस्त्री तेवढी मी हातात ठेवली, बाकी सगळं गेलं.

गॅलरीतल्या गोकर्णाच्या वेलाला तर आता एक फूल शिल्लक नाही. चारपाच निळी फुलं गरम पाण्यात टाकली की शाईसारखं निळं पाणी होतं. त्यात लिंबू टाकलं की जांभळं, आणखी टाकलं की गुलाबी. दुसऱ्या ग्लासात खायचा सोडा टाकला तर हिरवट. ओवी याला 'राक्षसाचं औषध' म्हणते आणि छोट्या राक्षस होतो. तो पिणार नाही यावर मात्र डोळा ठेवावा लागतो.

टोप्यांची गंमत ऐक. आपल्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी येते, ओला वेगळा, सुका वेगळा, तुला माहीतच आहे इंदूरचं किती कौतुक चालतं. आता आमच्या घरी गाडी आणि पोरं यांच्यात शर्यत असते. गाडी दिसली की ओवी सुक्या कचऱ्याच्या डब्यावर बसते. खोकी, पुठ्ठे, नळकांडी सगळं तिचं. अशाच एका खोक्यातून मी ३४ सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून टोपी केली. अख्खा छोट्या खांद्यापर्यंत आत! बाहेर काढेपर्यंत आतून खिदळत होता. मग अक्कल आली, अर्धं नाही, चतकोर हवं होतं. तेवढ्याचा घेर बरोबर पोरांच्या डोक्याएवढा येतो आणि टोपी उंच, टोकदार होते. वर चिकटवायला चमकी आणली होती, ती आज आठ दिवसांनीही वरणात सापडते, तू आणू नकोस. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिका काढ. सोनेरी चांदण्या, चंद्र, सगळं त्यातून निघतं. गणपती कापायचा नाही एवढी वहिनीची अट, त्यामुळे कपाटात आता नुसत्या गणपतींची चळत झालीय. कांड्या वर्तमानपत्राच्या, कोपऱ्यापासून घट्ट गुंडाळून, कणकेच्या खळीने चिकटवलेल्या. खराट्याच्या हिरांच्या केल्या होत्या, पण त्या डोळ्यांच्या जवळ जायला लागल्या.

तर मूळ मुद्दा. परवा रात्री गच्चीवर, ऊन उतरून वारं सुटलं होतं, मी तुझी गोष्ट सांगितली. १९७१ चा मे, रामबागेतला तुमचा ओटा. तू काडेपेटीतली काडी रुमालात गुंडाळायचास, मलाच मोडायला लावायचास. कट्‌ असा आवाज यायचा, मी शपथेवर सांगतो. आणि रुमाल झटकला की काडी अख्खी! गोट्या दिल्या, पतंग दिले, तू काही बोलला नाहीस, आणि तुझ्या बाबांची नाशिकला बदली झाली.

ओवीने लगेच रुमाल आणला. मी केलं. झटकल्यावर दोन तुकडे खाली. छोट्याने टाळ्या वाजवल्या, त्याला मोडणं हीच जादू वाटली, मग त्याने माझ्याकडून अर्धी काडेपेटी मोडून घेतली. ओवी मात्र रोज विचारते, "आबा, तुमच्या मित्राला फोन केला?"

३० तारखेला ती परत जाणार. त्याआधी एकदा फोन कर. पण सांगायचं ते तिलाच सांग, मला नको. मला ती करून दाखवेल.

तुझा,
दिग्या