मागच्या दाराची बाई

सोलापूर, रविवार

प्रिय पम्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, मी उलट केलाच नाही. रागावला असशील. आमचं बरं आहे, आईचा गुडघा तसाच. पण आता ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

मागच्या दाराची बाई भूत नव्हती बे.

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय, म्हणून माळा उपसायला काढला. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, चादरीखाली, गिरणीच्या फंडाचा नॉमिनीचा कागद निघाला. आजीच्या नावापुढे निम्मा हिस्सा. खाली नरसव्वा, तिलाही निम्मा. नात्याच्या रकान्यात दोघींपुढे 'पत्नी', आजोबांच्या त्याच टपोऱ्या अक्षरात. सोबत गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टुडिओचा फोटो: आजोबा, ती, आणि पाटावर उभा केलेला चड्डीतला पोरगा. हिरवं लुगडं ओळखायला रंगीत फोटो लागत नाही, ती मान तिरकी करून उभं राहणं तेच.

१९९३ ला झी हॉरर शो लागला आणि आपलं डोकंच फिरलं होतं. रामसेंच्या त्या हवेल्या, थोरल्यानं केलेलं पाप आणि ते नातवंडांच्या मानगुटीवर. त्यात दर अवसेला ही बाई मागच्या दारी यायची, आजी कंदील न घेता जायची, पदराखालून काहीतरी द्यायची. हडळच ती, असं तू गल्लीभर करून ठेवलंस. तू तिचे पाय उलटे आहेत का ते बघायला गेलास आणि चप्पल टाकून पळालास, अजून आठवतं! आता कळतंय, अवसेला का. अंधार असायचा, शेजारी कुणाला दिसत नसे. आजी तिला धान्य देत होती रे. सवतीला. स्वतःच्या हातानं.

'रात्रीस खेळ चाले'वरून आपण किती भांडलो होतो. तू म्हणायचास पहिला भागच खरा, २०१६ चा: अण्णा सुरुवातीलाच मेलेले, वाड्यात जमलेल्या कुणावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही. मी म्हणत होतो २०१९ चा दुसरा. अण्णांचं पुढं काय होणार ते ठाऊक, त्यांची बाहेरची बाई शेवंता डोळ्यांसमोर, तरी श्वास अडकतो. मी अजून तेच म्हणतो, आणि आता जास्त ठामपणे. रहस्य कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा मी फक्त पुढच्या भागाची वाट बघतो. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी तोंड उघडत नाही, तेव्हा जेवणाच्या ताटावरही भीती वाटते. आई ती मालिका बघताना शेवंता आली की उठून जायची. मला वाटायचं तिला ते चावट वाटतं.

तिला ठाऊक असणार. दादांनाही असणार, ते न बोलता गेले. आणि माझा घोर हाच आहे. बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. वकिलाला आडून विचारलं. म्हणाले, दुसरं लग्न कायद्यानं टिकत नसलं तरी त्यातल्या मुलाला बापाच्या मिळकतीत हक्क असतो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १६. म्हणजे पाटावरचा तो पोरगा माझा काका, आणि वाड्यात त्याचा वाटा आहे. तो वाटा मला दडपायचा नाही. मधल्या काकांना कागद दाखवला तर ते चुलीत घालतील, हेही मला पक्कं माहीत आहे. आईला विचारायला दोनदा गेलो. ती शेंगा निवडत बसलेली. तिनं मान वर केली आणि मी चहा मागितला.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीला बारावीला शुभेच्छा सांग, वहिनींना नमस्कार. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतोय.

एक काम कर. बोळाच्या तोंडाशी लूना लावून एक माणूस थांबायचा, ती बाई आत येईपर्यंत, आठवतो? मी भीतीनं कधी न्हाणीच्या पुढं आलो नाही. तू त्याच्याकडून एकदा पतंग घेतला होतास. त्याचा चेहरा बघितलेला आपल्यात तू एकटा. फोटो सोबत ठेवलाय. पोराचं कपाळ आणि कान नीट बघ, आणि तोच का ते कळव. शक्य असेल तर गड्ड्याला इकडेच ये, मग दोघं मिळून आईशी बोलू.

तुझा,
शिरप्या