चिऊने सायन्स सोडलं नाहीये, बाबा

लेस्टर, इंग्लंड, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "बरं" म्हणालात आणि लगेच आईकडे फोन दिलात. तेव्हापासून मला चैन नाही. तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मध्येच रडू येतं, म्हणून लिहायला बसले. आम्ही सगळे ठीक आहोत, थंडी उतरलीय, आई तू दिलेली शाल अजून वापरतेय, काळजी करू नकोस.

आता मुद्द्याचं. चिऊने सायन्स सोडलं असं तुम्हाला कोणी सांगितलं, दादाने का? त्याने अर्धवट ऐकलं असणार. इथे सायन्स सोडताच येत नाही, सोळा वर्षांची होईपर्यंत इंग्रजी, मॅथ्स आणि सायन्स प्रत्येकाला करावंच लागतं. फरक एवढाच की सायन्स दोन तऱ्हेने घेता येतं. ट्रिपल घेतलं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असे तीन वेगळे विषय आणि तीन ग्रेड. कम्बाइंड घेतलं तर तेच तिन्ही विषय, थोडा पोर्शन कमी, आणि मिळून दोन ग्रेड. तिने कम्बाइंड घेतलंय. पुढे ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, कम्बाइंडवर सायन्स मिळतं, ग्रेड चांगले हवेत एवढंच. इथल्या दोन कॉलेजांत मी स्वतः विचारून आले. डॉक्टर व्हायचं तिने उद्या ठरवलं तरी दार बंद झालेलं नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते.

पण तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की तेरा वर्षांच्या पोरीला विचारतातच कशाला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, म्हणून सविस्तर सांगते. इथे इयर नाइनमध्ये, म्हणजे आपल्या आठवीच्या वयात, शाळा मुलांच्या हातात एक पुस्तिका आणि एक फॉर्म देते, त्याला सगळे नुसतं "ऑप्शन्स" म्हणतात. फॉर्मवर चार चौकोन असतात, त्यांना ब्लॉक म्हणायचं, आणि प्रत्येक ब्लॉकमधून एकच विषय निवडायचा. एका ब्लॉकमधले विषय टाइमटेबलवर एकाच वेळेला असतात, त्यामुळे दोन आवडते विषय एकाच ब्लॉकमध्ये आले की एकावर पाणी सोडावं लागतं. ट्रिपल सायन्स घेतलं तर एक ब्लॉक त्यातच जातो. इतिहास किंवा भूगोल यातलं एक आणि एखादी भाषा घ्या असं शाळा आवर्जून सांगते, कारण इंग्रजी, मॅथ्स, सायन्स, इतिहास किंवा भूगोल, आणि भाषा अशा पाच गोष्टी किती मुलांनी घेतल्या हे सरकार मोजत आलंय. भाषेची सक्ती मात्र २००४ मध्येच गेली. शिवाय पीटी आणि धर्मांची माहिती सगळ्यांना असतेच. मग इयर टेन आणि इलेव्हन अशी दोन वर्षं तेच विषय आणि शेवटी मे-जूनमध्ये जीसीएसई नावाची परीक्षा. ग्रेड ९ ते १, त्यात ९ सगळ्यात वरचा, ४ ला पास म्हणतात. आणि बाबा, मॅथ्स किंवा इंग्रजीत ४ च्या खाली आलं तर सोळानंतरही तो विषय पुढे करावाच लागतो, ही गोष्ट तुम्हाला पटेल असं वाटलं म्हणून मुद्दाम लिहितेय.

फॉर्मच्या आधी शाळेने संध्याकाळी पालकांना बोलावलं होतं. हॉलमध्ये विषयवार टेबलं मांडलेली, प्रत्येकामागे एक शिक्षक. आम्ही दोघं हातात कोट धरून उभे, आणि इतिहासाच्या मॅडम आमच्याकडे बघेचनात, सगळं चिऊलाच विचारत होत्या, तुला का घ्यायचाय, काय वाचायला आवडतं. आणि ती बोलली हो बाबा, घरी "हं" आणि "माहीत नाही" पलीकडे न जाणारी पोरगी पाच मिनिटं बोलत होती. त्यांच्या इतिहासात वैद्यकाचा इतिहास आहे, प्लेगपासून, मग जेनरची १७९६ सालची देवीची लस, मग १८५४ चा लंडनचा कॉलरा आणि तो पाण्याच्या पंपातून पसरतो हे जॉन स्नोने कसं शोधलं ते. घरी येताना गाडीत ती मला हेच सांगत होती. मला तेव्हा तुमचीच आठवण आली, एसटीत तुम्ही आम्हाला असंच सांगत सुटायचात.

तर तिने लिहिलं इतिहास, फ्रेंच, आर्ट आणि फूड. फूड म्हणजे नुसता स्वयंपाक नाही, आहारशास्त्र, लेखी परीक्षा असते. पण ते ह्यांना पटलं नाही, ते म्हणाले कॉम्प्युटर सायन्स घे. ती काही बोलली नाही, खोडरबर घेतलं आणि फूड पुसून कॉम्प्युटर सायन्स लिहिलं. पेन्सिल इतकी दाबून लिहिली होती की पुसल्यावरही फूडची अक्षरं कागदावर दिसतायत. फॉर्म अजून टेबलावरच आहे, शुक्रवारी द्यायचाय, माझी सही व्हायचीय. मी ह्यांच्याशी परत बोलणार आहे.

बाबा, रागावून लिहीत नाही, पण तो कागद बघून मला आमची नववी आठवली. तुम्ही मला संपूर्ण संस्कृत घ्यायला लावलंत, त्यात मार्क पडले, तुमचं काही चुकलं नाही. पण इंटरमिजिएटला ए ग्रेड आल्यावर रंगांची पेटी दहावीपुरती माळ्यावर ठेवू म्हणालात, ती परत खाली आलीच नाही. आई, ती अजून असेल तर जरा बघून ठेव ना. रंग वाळले असतील, पण पेटी चिऊला दाखवायचीय.

अजून एक मनात आहे. इथे जीसीएसईला गुजराती घेता येतं, उर्दू, पंजाबी, बंगाली पण आहे, मराठी नाही. आमच्या शेजारची गुजराती मुलगी शनिवारी क्लासला जाते, तिला त्याची ग्रेड मिळेल, आणि आमची फ्रेंच शिकणार. तुमची पत्रं मी वाचून दाखवते तेव्हा ती हसते बिसते, पण स्वतः वाचायला बसली की जोडाक्षरापाशी अडते. हा दोष शाळेचा नाही, माझा आहे. कामाच्या शिफ्ट लागल्यापासून रविवारचं मराठी मी बंद केलं, ते आजपासून परत सुरू केलंय.

आता छोटीच्या लग्नाचं. मला खूप खूप आनंद झालाय आणि मुलगा फोटोत सालस दिसतो. पण २ मे म्हणजे इथे शाळा चालू. पाच दिवस शाळा विनापरवानगी बुडवली तर दंड करतात, एका मुलामागे आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी ८० पौंड, तोही एकवीस दिवसांत भरला तर. दंडाचं एक वेळ सोडा, पण शाळेच्या दप्तरी ते लागतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे सुट्टी असते, गुरुजींना तेव्हाचा मुहूर्त निघतो का एवढं विचाराल? नाहीच निघाला तर मी एकटी आठ दिवस येईन, चिऊ आणि हे येणार नाहीत. छोटीला हे मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

काल ६०,००० पाठवलेत. त्यातले ४०,००० तुमच्या मोतीबिंदूचे बाबा, ते लग्नात घालायचे नाहीत, ऑपरेशन लग्नाआधी करून घ्या म्हणजे अक्षता टाकताना नीट दिसेल. बाकीचे छोटीच्या पाटल्यांना. कमी आहेत मला कळतं, पण घराचा हप्ता वाढलाय, जुलैत अजून पाठवते. आई, गुडघ्याचं तेल संपलं की सांग, लपवू नकोस.

तुमची,
ताई

ता. क. खालची ओळ चिऊने स्वतः टाइप केलीय, मी दुरुस्त केलेली नाही.

आजोबा मि सायन्स सोडल नाही. तुमि फोन वर बोला माज्याशी.