पाळकसाहेब, तुम्ही प्रश्न टाळला नाहीत म्हणून

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नगर, पुणे, वसई इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत कोणाचा बाप्तिस्मा खरा, कोणाची मंडळी खरी, हा वाद चालू असतो, आणि तो नीट घालायला शिकवणारं माणूस प्रत्येक घराला मिळत नाही. आम्हाला तुम्ही मिळालात.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. माझं माहेर नगरचं, पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, आता सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. सासर वसईचं, कॅथलिक. धाकटा भाऊ पेंटेकॉस्टल मंडळीत गेला आणि तिथे त्याने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. माझी मुलगी जन्मली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, लवकर उरकून घेऊ, आमच्या चर्चमध्ये. बाबा म्हणाले, आपल्या मंडळीत. भाऊ म्हणाला, तान्ह्या बाळाला कसला आलाय विश्वास, तो बाप्तिस्माच नव्हे. तिथून गाडी थेट खरी मंडळी कोणाची, खरा विश्वास कोणाचा, इथवर गेली आणि जेवणं अबोल झाली.

लोकांनी दोनच सल्ले दिले. एक, देव एकच आहे, कशाला भांडता. दुसरा, आपलंच खरं, त्यांना स्पष्ट सांगून टाका. तुम्ही दोन्ही नाकारलेत. प्रश्न खरा आहे म्हणालात, ज्याच्यासाठी माणसांनी जीव दिला तो प्रश्न 'कशाला भांडता' म्हणून बाजूला सारायचा नाही. आणि मग ज्युरिकच्या फेलिक्स मान्झची हकीकत सांगितलीत. बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्यानेच घ्यायचा, बाळाला द्यायचा नाही, एवढं म्हणणं सोडलं नाही म्हणून ५ जानेवारी १५२७ रोजी त्याला लिमात नदीत बुडवून मारलं. मारणारे पोपचे लोक नव्हते. धर्मसुधारक झ्विंग्लीच्या सुधारणेला मानणारी ती नगरसभा होती, म्हणजे प्रॉटेस्टंट, आमच्याच बाजूची माणसं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

तुमची अट मला जन्मभर पुरेल. दुसऱ्याचा विश्वास असा मांडायचा की त्याने मान डोलवून 'हो, मी हेच मानतो' म्हटलं पाहिजे. त्याआधी खोडायला तोंड उघडायचं नाही. माझ्या नवऱ्याला तुम्ही भावाची बाजू मांडायला लावलीत. त्याने प्रेषितांची कृत्ये उघडून हबशी अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा वाचला, आधी सुवार्ता, मग विश्वास, मग पाणी, असा क्रम दाखवला, आणि भाऊ प्रथमच त्याच्याकडे बघून हसला. भावाला मरियेविषयी कॅथलिक काय मानतात ते सांगायचं होतं. त्याला ते जड गेलं. पण आराधना फक्त देवाची, मरियेचा सन्मान करायचा आणि आपल्यासाठी प्रार्थना कर अशी तिला विनंती करायची, हा भेद त्याने सासूबाईंसमोर त्यांना पटेल असा सांगितला. पटला नाही त्याला, आजही पटत नाही. पण 'मूर्तिपूजक' हा शब्द त्यानंतर आमच्या घरात आला नाही.

सिप्रियनची गोष्ट तर मी आता कोणालाही सांगते. तिसऱ्या शतकात मंडळीतून फुटलेल्या गटात बाप्तिस्मा झालेली माणसं परत येऊ लागली, तेव्हा त्यांचं काय करायचं? कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, मंडळीबाहेर पवित्र आत्मा नाही, म्हणून तो बाप्तिस्मा नव्हेच, नव्याने द्या. रोमचा बिशप स्तेफन म्हणाला, पुन्हा नको, डोक्यावर हात ठेवून आत घ्या. दोघेही हटले नाहीत. सिप्रियन २५८ साली विश्वासासाठी मारला गेला आणि ज्या रोमशी तो भांडला तिथेही संत म्हणून मानला जातो. पुढे ३१४ च्या आर्लच्या परिषदेने ठरवलं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. नंतर बिशप ऑगस्टीनने त्यामागचं कारण मांडलं: हात कोणाचेही असोत, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच.

हे ऐकल्यावर बाबांचा आणि सासूबाईंचा अर्धा वाद तिथेच संपला. सीएनआयमध्ये झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं आणि कॅथलिक बाप्तिस्मा सीएनआय मानतं, मग उरलं फक्त ठिकाण. भावाचा आक्षेप मात्र उरला, आणि तुम्ही तो झाकला नाहीत. उलट त्याला सांगितलंत, तूसुद्धा दोनदा बाप्तिस्मा मानत नाहीस, पहिला झालाच नाही असं म्हणतोस, म्हणजे सिप्रियनसारखाच. फरक एवढाच की त्याने मंडळी पाहिली आणि तू विश्वास पाहतोस.

मग तुम्ही नागपूरची आठवण काढलीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं, बोलणी १९२९ पासून चाललेली. त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठेपणीच देणारे बॅप्टिस्टही होते. दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. बाबा आयुष्यभर त्या चर्चच्या बाकावर बसले, भावाच्या म्हणण्याला तिथेही जागा आहे हे त्यांना त्या दिवशी समजलं. मला वाटतं आपल्या मराठी मंडळ्या हा इतिहास पोरांना शिकवत नाहीत आणि मग पोरं दुसऱ्या पंथात जातात तेव्हा मंडळ्याच रडत बसतात.

कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात, हा भावाचा ठेवणीतला मुद्दा. तुम्ही ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गला झालेला संयुक्त जाहीरनामा काढलात. लूथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून त्यात मान्य केलं आहे की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. आणि लगेच हेही सांगितलंत की यामुळे सगळं मिटलं असं समजू नका. पोपचा अधिकार आणि प्रभुभोजन यांवरचे मतभेद जागच्या जागी आहेत.

पाळकसाहेब, खरे आभार इथले आहेत. वसईला मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, सगळे ख्रिस्तप्रसाद (आपलं प्रभुभोजन) घ्यायला उठतात तेव्हा मी बसून राहते. नवऱ्याच्या शेजारी, त्याच प्रभूवर विश्वास ठेवून. मी तुम्हाला विचारलं तेव्हा इतरांसारखं 'मनावर घेऊ नकोस' म्हणाला नाहीत. कॅथलिकांच्या दृष्टीने एका भाकरीत भाग घेणं म्हणजे एका मंडळीत असणं, आणि आपण अजून एक नाही, तर ते खोटं दाखवणार नाहीत, असं त्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत समजावलंत. मग म्हणालात, दुखतं ते दुखू दे, प्रभूने शिष्यांच्या एकीसाठी प्रार्थना केली ती अजून पुरी झालेली नाही. माझ्या दुःखाला तुम्ही अर्थ दिलात, औषध म्हणून खोटं काही दिलं नाहीत.

आणि मी शेवटी सरळ विचारलं, तुमच्या मते कोणाचं खरं? तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. मी प्रॉटेस्टंट आहे, कारण परिषदा आणि बिशप चुकू शकतात आणि त्यांना तपासायला पवित्र शास्त्र हवं, असं मला पटलं आहे, म्हणालात. पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलंत. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, न पटलेलं केवळ अधिकाराखातर मानलं नाही, आणि केडगावला मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाच्या छत्राखाली नेलं नाही. तुमचं मत ऐकूनही माझ्या नवऱ्याला कुठे डिवचल्यासारखं वाटलं नाही. त्याचं म्हणणं आधी तुम्ही इतकं चोख मांडलं होतंत.

लेकीचा स्नानसंस्कार वसईला झाला. माझी मोठी बहीण, सीएनआयची, कॅथलिक धर्मपित्याच्या बरोबरीने ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभी राहिली. त्यांचा नियम त्याला परवानगी देतो हेही तुम्हीच शोधून दिलं होतंत. भाऊ आला, जेवला, आणि हा बाप्तिस्मा मी मानत नाही हे सासूबाईंना स्वतः सांगून गेला. सासूबाईंनी त्याला पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे, प्रभुभोजनावर बोलायला. त्याने प्रश्न लिहून ठेवलेत, तुम्हाला पाठवतो म्हणाला आहे. वेळ काढून उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली,
नगरची लेक, वसईची सून