कायदा १८५६चा, बहिष्कार १८९३चा

महोदय,

१८ एप्रिल ही महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, यांची जयंती. दरवर्षी दिनविशेषाच्या चौकटीत जन्म १८५८, भारतरत्न १९५८ अशी ओळ येते आणि १०४ वर्षांच्या आयुष्याचे कौतुक होते. मी दापोली तालुक्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. अण्णांच्या वयाच्या आधारे मुलांना इतिहास किती नीट कळतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

अण्णा जन्मले तेव्हा झाशी नुकतीच पडली होती, पण राणी लक्ष्मीबाई अजून लढत होत्या. ते एक वर्षाचे झाले त्या दिवशी, १८ एप्रिल १८५९ रोजी, तात्या टोपे यांना शिवपुरीला फाशी दिले गेले. आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले तेव्हा चीनशी युद्ध चालू होते. एवढे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही सरसावून बसत.

मला मात्र मधली वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ सालची. तरी १८७५ मध्ये आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने, पावसापाण्यातून साताऱ्याला चालत गेला, शंभरावर मैल! तिथे, वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. (आमच्या दापोलीकरांना गाडीसाठी आजही खेड गाठावे लागते.)

विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, अण्णांच्या जन्माआधीचा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कायद्याला ३७ वर्षे झाली होती, तरी मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुरुडच्याच मुलांना हे शिकवताना मला दरवेळी जड जाई, पण मी ते कधी गाळले नाही. महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ मध्ये काढले. त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९५१ मध्ये, तेव्हा अण्णा ९३ वर्षांचे होते.

पाठ्यपुस्तकात कायद्याचे साल असते. तो घराघरांत पोहोचायला किती काळ लागला, हे नसते. म्हणून विनंती, यंदाच्या चौकटीत भारतरत्नाच्या सालाबरोबर १८५६ आणि १८९३ ही दोन सालेही छापावीत, आणि मुरुडच्या बहिष्काराचा उल्लेखही करावा.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, दापोली