धवळी गाईला राखणाऱ्या काकाजींना

काकाजी,
सादर नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे वं पोरी" म्हणून उठून जाता. पैसे पुढे केले तर रागावलात. म्हणून हे चार लोकांत लिहिते. आता कुठे उठून जाता बघू.

तुम्ही आमच्या आर्वीकडचेच, पण सारी हयात पुण्याकडच्या स्टड फार्मवर मोतद्दारी करण्यात गेली. गावात परतलात तेव्हा पारावर गप्पा शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, आणि तुमच्या तोंडी पॅरिस. पोरं हसायची. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही अर्बन सीची गोष्ट पुन्हा सुरू करायचे.

१९८९ साली अमेरिकेत जन्मलेली, फ्रान्समध्ये पळालेली घोडी. १९९३ ला पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर आर्क द त्रिऑम्फ ही मोठी शर्यत, २४०० मीटर. भाव ३७ ला १, म्हणजे तिच्या नावावर रुपया लावायला कोणी धजेना. जॉकी एरिक सें-मार्तांनं तिला पुढे काढली आणि व्हाइट मझल हा घोडा एका मानेनं मागे राहिला. एक मान म्हणजे किती, ते तुम्ही आमच्या बैलाच्या मानेवर हात ठेवून दाखवलं होतं. बैलानं तुम्हाला झटकलं, तरी हात काढला नाहीत.

पण तुमचा जीव तिच्या पळण्यापेक्षा तिच्या पैदाशीत जास्त. सॅडलर्स वेल्सपासून १९९८ ला गॅलिलिओ झाला, त्यानं २००१ ला इंग्लंडची आणि आयर्लंडची, दोन्ही डर्बी मारल्या. केप क्रॉसपासून २००६ ला सी द स्टार्स झाला, त्यानं २००९ ला डर्बीही जिंकली आणि आईची आर्कही. बाप दोन, माय एक. गॅलिलिओ पुढे स्वतः ब्रिटन-आयर्लंडचा पैदाशीचा अव्वल नर ठरला, तो १२ वेळा, आणि त्याचा फ्रँकेल १४ शर्यती पळून १४ जिंकला. त्या धंद्यात बाप एक असला म्हणून कोणी भावंडं धरत नाही, आई एक असेल तरच धरतात, हेही तुम्हीच सांगितलं. नर एका मोसमात शंभरावर घोड्या लावतो. घोडीनं अकरा महिने पोटात वागवायचं तेव्हा कुठे एक शिंगरू. रेसच्या घोड्यांत कृत्रिम रेतनही चालत नाही.

२०१४ ला कोर्टानं पट बंद केले. आमच्याकडे पटाच्या गवळाऊ जातीच्या जोडीला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि धवळीला विकायची बोलणी घरात सुरू झाली. व्यापारी दारात, सासरे भाव ऐकताहेत. तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांना सोडून माझ्याशी बोललात, कारण शेण-कुटार, ढेप माझ्याकडे. "सारे गोऱ्ह्याचा बाप इचारतात. तू माय इचार. इकाचा असन तर गोऱ्हा इका, गाय ठेवा." सुनेला विचारायची पद्धत आमच्या घरात तोवर नव्हती. तुमच्या वयाकडे पाहून सासरे गप्प राहिले आणि धवळी राहिली. त्याचं मोल मला २०२१ च्या डिसेंबरात पटांना पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा नीट समजलं. तोवर तिचा दुसरा गोऱ्हा जूला लागला होता आणि चार गावचे लोक त्याला बघायला येत होते.

आणि ती विण्याची रात्र. वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. डॉक्टरांना फोन झाला होता, पण यायला वेळ होता. तुम्ही कोपरापर्यंत साबण लावला, मग तेल. कळ थांबली की वासराला आत ढकलायचं, कळ आली की हात थांबवायचा. खूर तळहातात झाकून पाय सरळ केलात, गर्भपिशवीला ओरखडा नको म्हणून. माझे हात कापत होते. "घोडी अर्धा घंटा बी देत नाही, गाय देते. घाबरू नको." डॉक्टर आले तेव्हा कालवड उभी राहायच्या खटपटीत होती. त्यांनी तपासलं, औषध दिलं, तुमच्याकडे बघून मान डोलावली.

पहाटे तुम्ही पहिल्यांदाच अर्बन सीचा शेवट सांगितला. मार्च २००९, शिंगरू झालं आणि तीच गेली. सी द स्टार्सची डर्बी आणि आर्क तिच्या हयातीत झाली नाही. ते शेवटचं शिंगरू, बॉर्न टू सी, मात्र वाचलं आणि पळालंही. तुम्ही हे सांगत होतात आणि हात धवळीच्या पोटावरून फिरत होता. रक्त जास्त जातंय का, ते बघत होतात. मला उशिरा कळलं.

ती कालवड आता माजावर यायची आहे. दोन वळू नजरेत आहेत, दोघांच्याही माया मी स्वतः जाऊन बघितल्या. एकीचे पाय सरळ, पण दूध कमी. दुसरी दुधाला बरी, पण अंगानं जड. सासरे म्हणतात तूच ठरव. मी म्हटलं काकाजी बघतील, मग ठरवू. पऱ्हाटीची वेचणी उरकली की निरोप धाडा, पोराला मोटरसायकल घेऊन पाठवते.

तुमची,
धवळीच्या गोठ्यातली सून