लपलेल्या जागा तपासायच्या, पण शिरायचं कुठून?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
लातूर कार्यालय

विषय : सी विंगमधील ओल आणि तपासणीसाठी न ठेवलेली झाकणे

महोदय,

फ्लॅटचा ताबा देताना बिल्डर म्हणून आपण दिलेल्या पुस्तिकेत ‘घरातील लपलेल्या जागा दर सहा महिन्यांनी तपासा’ असं छापलंय. सल्ला रास्त आहे. पण प्लंबिंगच्या डक्टला, म्हणजे पाइप वरखाली नेणाऱ्या उभ्या पोकळीला, एकाही मजल्यावर दार नाही, बाथरूमखालच्या फॉल्स सीलिंगला झाकण नाही आणि भिंतीतल्या पाइपांचा नकाशा तीनदा मागूनही मिळालेला नाही.

दुसऱ्या मजल्यावर बेडरूमच्या कपाटामागे, स्कर्टिंगपासून वीतभर उंचीपर्यंत पोपडे आलेत. नखाने खरवडलं की मिठासारखी पांढरी पूड गळते. ही भिंत बाहेरची नाही, पलीकडे बाथरूम आहे. ऐन मे महिन्यातही ती ओलीच होती, तेव्हा पावसावर ढकलू नये. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी मारून 24 तास ठेवलं, तर थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले. खोलीकडच्या बाजूला जमले असते तर हवेतला दमटपणा म्हणता आलं असतं.

मग नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी जाणाऱ्या भांड्याच्या) तोंडात बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये इंचभर पाणी 24 तास कोंडलं, नळ पूर्ण बंद ठेवून. पाणी उतरलं आणि खालच्या छतावरचा डाग पसरला. म्हणजे फरशीतून किंवा ट्रॅपच्या सांध्यातून गळती होतेच आहे. ट्रॅपचं पीव्हीसी प्लास्टिक गुळगुळीत असतं, नुसतं सिमेंट त्याला धरत नाही, फट राहतेच. तिथून पाणी संकन स्लॅबमधल्या (बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधल्या) विटांच्या तुकड्यांत साचतं आणि बाहेर पडायला पाइप ठेवलेला नसल्याने भिंत ते शोषून घेते.

आपल्या साइट इंजिनिअरने यावर वॉटरप्रूफ रंग सुचवला. रंगाने पाण्याची वाट बंद होत नाही, भिंत वाळायची तेवढी थांबते. क्षार रंगामागे साचतात आणि पुढच्या खेपेला पापुद्र्याबरोबर प्लास्टरही सुटतं.

पुस्तिकेत ‘गळतीसाठी पाण्याचा मीटर पाहा’ असंही आहे. 2016 साली रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात हे वाचून गंमत वाटली. नळाला पाणीच काही दिवसांआड येतं, एरवी मीटर जागचा हलत नाही, आतला पाइप गळत असला तरी. इथे रात्री सगळे नळ मिटून वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि सकाळी पाहायची, एवढंच जमतं. पुस्तिकेत तसं लिहा.

गच्चीवर कठड्याजवळचा वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) तडकलाय. उन्हाने मे महिन्यात फटी रुंदावतात आणि जूनच्या पहिल्या सरीला पाणी आत जातं, म्हणून ते काम मेअखेर आटोपलेलं हवं. तळमजल्याभोवतीचा प्लिंथ प्रोटेक्शनचा, म्हणजे पायाशी पाणी मुरू नये म्हणून केलेला, कोबाही काळी माती फुगून-आटून उचललाय. त्याचा उतार आता इमारतीकडे झालाय.

आमची मागणी : संबंधित बाथरूमची फरशी काढून संकनमधला भराव उपसावा, ट्रॅपचा सांधा नव्याने भरावा आणि नवं वॉटरप्रूफिंग करून फरशी बसवण्याआधी आमच्यासमोर 48 तास पाणी कोंडून दाखवावं. संकनमधून डक्टमध्ये निचऱ्याचा पाइप काढावा. डक्टला प्रत्येक मजल्यावर माणूस आत डोकावेल एवढं, निदान दोन फुटी दार हवं. फॉल्स सीलिंगला प्रत्येक ट्रॅपखाली दीड फुटी झाकण ठेवावं. कोबा तोडून बाहेरच्या दिशेने उतार देऊन पुन्हा करावा. पाइपांचा नकाशा मात्र काम सुरू होण्याआधीच द्यावा, नाहीतर ड्रिल नेमकी पाइपातच जाईल.

ताबा मिळून पावणेतीन वर्षं झालीत. रेरा (स्थावर संपदा) कायदा 2016 च्या कलम 14(3) प्रमाणे पाच वर्षांच्या आत कळवलेला बांधकामातला दोष 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुदत हे पत्र पोहोचल्यापासून मोजली जाईल. भिंतीचे, प्लास्टिकचे आणि छताच्या डागाचे तारखेसह फोटो सोबत जोडले आहेत.

आपले,
सी विंगमधील फ्लॅटधारक