गाडी लावली की मागच्या सीटपर्यंत चालत जायचं

प्रिय संद्या,

गाड्यांचं पासिंग झालं, परमिट हातात आलं आणि जूनपासून शाळेच्या तीन बसेस तुझ्या, हे ऐकून खरंच खूप बरं वाटलं रे. टुरिस्टच्या धंद्यात रात्रीबेरात्री गाड्या पळवून तू थकला होतास, वहिनी पण कंटाळल्या होत्या, आता निदान संध्याकाळी घरी असशील. फोनवर तू हप्ते, डिझेल, रूट असं सगळं भराभर सांगत होतास, मी पण शाळेच्या गेटवर उभा होतो, मागे गाड्या लागत होत्या, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. पण तू एक वाक्य बोललास ते डोक्यातून जात नाहीये. "पोरं शाळेत उतरवली की दहा मिनिटांत गाडी कुपवाड एमआयडीसीला लावायची, स्टाफची ट्रिप मिळालीय." त्या दहा मिनिटांबद्दल मला बोलायचंय, आणि ते मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र.

इतकी वर्षं शाळेचं ट्रान्सपोर्ट बघतोय म्हणून सांगतो, अपघात, स्पीड, ब्रेक याची काळजी तू घेशीलच, त्यात तुला मी काय शिकवणार. पण शाळेच्या बसमधली एक भीती अशी आहे जी टुरिस्टच्या धंद्यात कधी येतच नाही. पॅसेंजर झोपला तर उठून ओरडतो, चार वर्षांचं पोर ओरडत नाही. ते झोपतं, सीटवरून घसरून खाली येतं, रेक्झिनच्या दोन सीटच्या मधल्या फटीत दप्तराला टेकून झोपून राहतं. नर्सरीच्या पोराची उंची ती किती, सीटची पाठ त्याच्यापेक्षा उंच. ड्रायव्हरने आरशात बघितलं तर त्याला नुसत्या सीटच्या पाठी दिसतात आणि गाडी रिकामी वाटते.

जपानचं एक प्रकरण सांगतो, कारण त्यात सगळंच आलं. शिझुओका प्रांतात माकिनोहारा म्हणून गाव आहे, तिथे ५ सप्टेंबर २०२२ ला तीन वर्षांची एक मुलगी बालवाडीच्या बसमध्ये राहिली आणि उष्माघाताने गेली. नेहमीचा ड्रायव्हर त्या दिवशी नव्हता म्हणून बालवाडीचे प्रमुख स्वतः गाडी चालवत होते, वय सत्तरीच्या पुढे. बसमध्ये सोबत एक बाई पण होत्या. पोरं होती मोजून सहा. साठ नाही रे, सहा! पाच उतरली, एक राहिली, आणि साधारण पाच तास बस तिथेच उभी. दुपारी घरी सोडायची वेळ झाली तेव्हा ती सापडली. तिची पाण्याची बाटली रिकामी होती. हे वाचलं तेव्हा मला पुढचं वाचवेना, ती एकटी पाणी पीत बसली असेल हा विचारच सहन होत नाही.

मग चौकशीत काय बाहेर आलं बघ. उतरवताना मोजलं नाही. उतरल्यावर गाडी आतून बघितली नाही. हजेरीच्या नोंदीत ती आलेली दाखवली होती, ती कोणी खात्री करून बघितली नाही. वर्गात बाईंना ती दिसली नाही पण घरी फोन केला नाही. चार जागा होत्या जिथे ती वाचली असती, आणि चारही जागी दुसऱ्याने बघितलं असेल असं धरून चालले सगळे. कोर्टाने २०२४ मध्ये प्रमुखांना तुरुंगवास दिला आणि वर्गाच्या बाईंनाही शिक्षा झाली, त्यांची स्थगित ठेवली पण दोषी धरलंच. आणि हे पहिल्यांदा नव्हतं, आदल्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, फुकुओकाकडे नाकामा गावात पाच वर्षांचा मुलगा असाच गेला होता. तेव्हा सूचना निघाल्या, पत्रकं निघाली, आणि तरी साधारण वर्षभराने पुन्हा तेच.

जपान लांब आहे, आपल्याकडे असं होत नाही असं म्हणशील म्हणून हेही सांगतो. त्याच आठवड्यात, ११ सप्टेंबर २०२२ ला, कतारमध्ये अल वकरा इथे आपल्याच देशातली, केरळच्या कुटुंबातली मुलगी बसमध्ये झोपली आणि तशीच गेली. त्या दिवशी तिचा चौथा वाढदिवस होता. आखातात आपली किती मराठी कुटुंबं आहेत, त्या दिवसांत तिकडच्या प्रत्येक घरात हाच विषय होता, माझी चुलत बहीण दोहाला असते, ती कितीतरी दिवस पोराला बसने पाठवायला तयार नव्हती.

आणि उन्हाचं म्हणशील तर माकिनोहाराला त्या दिवशी बाहेर तिशीच्या आसपासच तापमान होतं. आपल्या सांगलीला मार्चमध्येच दुपारी त्याच्या वर असतं. बंद गाडी उन्हात उभी केली की आतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक चढून जातं, बाहेर पस्तीस असेल तर तासाभरात आत पन्नासच्या पुढे. आणि लहान पोराचं अंग आपल्यापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं. म्हणजे "अर्ध्या तासाने लक्षात आलं असतं तर" याला काही अर्थ उरत नाही. काच थोडी उघडी ठेवली तरी फार फरक पडत नाही, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नकोस.

आता मुद्द्यावर येतो. यातले ड्रायव्हर वाईट होते का, बेफिकीर होते का? मला तसं वाटत नाही, आणि तू पण तसं धरून चालू नकोस, कारण "माझे ड्रायव्हर चांगले आहेत" असं म्हटलं की आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. अमेरिकेत साऊथ फ्लोरिडा विद्यापीठात डेव्हिड डायमंड म्हणून मेंदूवर संशोधन करणारे प्राध्यापक आहेत, आईबाप स्वतःचं पोर गाडीत कसे विसरतात याचा त्यांनी बराच अभ्यास केलाय. ते म्हणतात की रोजची सवयीची कामं मेंदू आपोआप उरकतो आणि त्यात "आज हे वेगळं करायचंय" ही आठवण दबून जाते, घाई, थकवा, कमी झोप असेल तर जास्तच. पहाटे साडेचारला उठलेला ड्रायव्हर, दोन फेऱ्या झालेल्या, पुढे एमआयडीसीचा सुपरवायझर फोनवर "कुठे पोचलास" म्हणून ओरडतोय, त्याचा मेंदू एमआयडीसीच्या गेटवर पोचलेला असतो, गाडी अजून शाळेत असली तरी.

म्हणून मी म्हणतो संद्या, गाडी मागपर्यंत बघायची जबाबदारी ड्रायव्हरची आहे हे शंभर टक्के खरं, पण त्या कामाला वेळ देणं ही मालकाची जबाबदारी आहे. तू त्याला रूट शीटमध्ये पाच मिनिटं दिलीच नाहीस तर तो ते काम कुठून करणार. नियम भिंतीवर लावशील, त्याची सही घेशील, आणि वेळ देणार नाहीस, तर ती सही फक्त तुझी कातडी वाचवायला. पोर त्याने वाचत नाही. एमआयडीसीची ट्रिप घे, मी नको म्हणत नाही, हप्ते भरायचेत मला कळतं. पण वेळ पुढे ढकलून घे. नाहीच जमलं तर त्या ट्रिपला दुसरी गाडी लाव. आणि उशीर झाला म्हणून ड्रायव्हरला एकदा जरी शिवी घातलीस तर तो दुसऱ्या दिवसापासून मागे जाणं बंद करेल, हे लिहून ठेव.

आमच्याकडे एक काका आहेत, नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. शाळेत सगळी पोरं उतरली, गाडीतल्या मदतनीस मावशींनी गेटवर सोडली, की काका गाडी पार्किंगला लावतात, इंजिन बंद करतात, चावी काढून शर्टाच्या खिशात टाकतात आणि मगच उठतात. चावी हातात असेपर्यंत माणूस उतरायच्याच घाईत असतो असं त्यांचं म्हणणं. मग डाव्या हाताने प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत मागे जातात, प्रत्येक रांगेला वाकून सीटखाली बघतात, शेवटच्या लांब सीटवर हात फिरवतात, आणि परत येताना उजव्या बाजूच्या सीटला हात लावत येतात. रोज काहीतरी सापडतंच, बाटली, रुमाल, एखादा बूट. एकदा जुनिअर केजीचा एक मुलगा सापडला, मागून दुसऱ्या रांगेत, सीटखाली पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेला, अंगाखाली स्वेटर. मावशींनी खाली मोजली होती, संख्या बरोबर आली होती, कारण त्या दिवशी मोठ्या वर्गातला एक मुलगा भावाबरोबर यादीत नसताना चढला होता. काकांनी त्याला उठवलं नाही, उचलून खांद्यावर घेतलं आणि वर्गापर्यंत नेऊन बाईंच्या हातात दिलं. तेव्हा मला कळलं की मोजणं वेगळं आणि बघणं वेगळं. आकडा जुळला म्हणून गाडी रिकामी झाली असं होत नाही.

मावशी असतातच गाडीत, २०११ च्या आपल्या महाराष्ट्राच्या स्कूल बस नियमात अटेंडंट लागतोच, तू ठेवलीच असशील. पण दोघं असले की एक गोची होते. ड्रायव्हरला वाटतं मावशींनी बघितलं, मावशींना वाटतं काका बघतील. म्हणून सरळ वाटून टाक: मोजायचं मावशींनी, चढताना आणि उतरताना, कागदावर. मागपर्यंत चालायचं ड्रायव्हरने, स्वतः, रोज, प्रत्येक फेरीनंतर, मावशींनी बघितलेलं असलं तरी. बदली ड्रायव्हर असेल त्या दिवशी तर तू स्वतः फोन कर, माकिनोहारात बदलीच माणूस होता हे विसरू नकोस.

सकाळची फेरी जास्त धोक्याची, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. दुपारी पोर स्टॉपवर उतरलं नाही तर आई उभीच असते, दोन मिनिटांत फोन येतो. सकाळी मात्र घरच्यांना वाटतं शाळेत आहे, शाळेला वाटतं आज आलं नाही, आणि पोर दोघांच्या मधे गाडीत. त्यामुळे शाळेशी बोलून घे की पहिल्या तासाला गैरहजर पोराच्या घरी फोन गेलाच पाहिजे. शाळेची परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, पालक असतात, आरटीओचे आणि ट्रॅफिकचे लोक असतात, बसवाल्यांचा पण प्रतिनिधी असतो, तर तू तिथे बस आणि हे मांड. बऱ्याच शाळांत ही समिती कागदावरच असते, तू तिला जागी कर. आणि "आज येणार नाही" हा मेसेज पालकांनी ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही, गाडी चालवताना ड्रायव्हर मोबाईल बघणार आहे का? मावशींना फोन करायचा, मावशी यादीवर लिहिणार.

मशिनबद्दल तू विचारशीलच. कोरियात जुलै २०१८ ला दोंगदुचन इथे चार वर्षांची मुलगी पाळणाघराच्या गाडीत गेली, मग त्यांनी पुढच्या वर्षीपासून गाडीच्या मागच्या टोकाला बटण बसवणं सक्तीचं केलं. इंजिन बंद केलं की बझर सुरू, ड्रायव्हर मागे जाऊन बटण दाबेपर्यंत थांबत नाही. कॅलिफोर्नियात व्हिटियरला २०१५ मध्ये एकोणीस वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा दिवसभर बसमध्ये राहून गेला, तिथेही २०१६ मध्ये असाच कायदा झाला, म्हणजे फक्त लहान पोरांचाच प्रश्न नाही, तुझ्या रूटवर विशेष गरजा असलेला मुलगा असेल तर त्याचं नाव मावशींना पाठ पाहिजे. जपानने एप्रिल २०२३ पासून सक्ती केली, सुमारे ४४ हजार गाड्यांना. आपला ऑटो इलेक्ट्रिशियन असा बझर नक्की बसवून देईल, काही फार अवघड वायरिंग नाही, इग्निशनवरून घ्यायचं आणि बटण अगदी शेवटच्या सीटमागे. बसवच. पण वाकून न बघता नुसतं धावत जाऊन बटण दाबणारा माणूस पण मी बघितलाय, त्यामुळे मशिन आलं म्हणून चालणं सुटू देऊ नकोस.

आणि एक, गाडीत एकटं अडकलं तर हॉर्न वाजवायचा हे पोरांना शिकव. जपानमध्ये त्या घटनेनंतर बालवाड्यांनी शिकवलं, हाताने जोर पुरत नाही म्हणून स्टिअरिंगवर बूड टेकवून बसायला सांगितलं. पोरांना मजा वाटते, एका दिवसात शिकतात. आधी तुझ्या गाड्यांचा हॉर्न चावी काढल्यावर वाजतो का ते तपासून घे, नसेल तर वायर बदलून घे. काचांवर जाहिराती आणि पडदे नकोत, बाहेरून जाणाऱ्या माणसाला आतलं दिसलं पाहिजे.

तर आता काम सांगतो. तिन्ही गाड्यांचे रूट, शाळेच्या वेळा आणि एमआयडीसीची रिपोर्टिंगची वेळ मला पाठव, रविवारी बसून मी वेळापत्रक करून देतो, कुठे किती मिनिटं ढकलायची ते बघू. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून मी येतोच सांगलीला, तुझ्या तिन्ही ड्रायव्हरांशी आणि मावशींशी बोलायचंय मला, भाषण नाही, गाडीत बसूनच. वहिनींना सांग जेवायला घरीच आहे. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते पण कळव, आणि पोरीचा दहावीचा निकाल लागला की आधी मला फोन.

तुझा,
विन्या